ओडी म्हणजे दिवसातून एकदा का उजवा डोळा? ट्रीटमेंट शीट वाचून डोकं गरगरून राहिलं

रातपाळी_यवतमाळ

नमस्कार सगळ्यांना. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून मागच्या वर्षी पास झाली, आता यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी स्टाफ नर्स आहे, ३० बेडचं आहे, रातपाळीला मी एकटी न् एक मावशी. कॉलेजात ओडी बीडी टीडीएस, म्हणजे औषध दिवसातून किती वेळा द्यायचं ते, सगळं पाठ होतं, वायव्हात धडाधड सांगितलं, पण वॉर्डात आल्यावर खरं सांगते भल्ली गडबड होते.

परवाचीच गोष्ट. मोतीबिंदूच्या कॅम्पमधून ऑपरेशन करून आलेली एक आजी रात्री ताप आला म्हणून भरती झाली, सोबत कॅम्पचं कार्ड. त्यावर पहिल्या ओळीत मॉक्सिफ्लॉक्सासिन आय ड्रॉप आणि पुढे ओडी, क्यूआयडी. आता एकाच ओळीत दिवसातून एकदा पण आणि चारदा पण? त्याच कार्डावर खाली पँटोप्राझोल (ॲसिडिटीची गोळी), पुढे पुन्हा ओडी. मी अर्धा तास ते कार्ड ट्यूबलाइटखाली धरून बसली. आजीचे दोन्ही डोळे झाकलेले, एकावर पट्टी न् वरून मोठा काळा चष्मा, आणि आजी गाढ झोपलेली. शेवटी थेंब टाकलेच नाही, सकाळी इनचार्ज सिस्टरला विचारू म्हटलं. सकाळी त्या रजेवर.

दुसरं म्हणजे मी नॉरसेटची (एम्सची नर्स भरती परीक्षा) तयारी करते, त्यातल्या व्हिडिओत क्यूडी शिकवतात, आमच्या इथं कोणीच क्यूडी लिहीत नाही. मग ओडी आणि क्यूडी एकच का वेगळं? आणि टीडीएस आणि क्यू८एच यात फरक काय, दोन्ही तीनदाच तर होते ना? एचएसचं पण दोन जागी दोन अर्थ वाचले.

आणि एक खरं खरं सांगते, कोणी हसू नका. मागच्या महिन्यात एका पेशंटला पॅरासिटामॉल ६५० एसओएस (गरज पडली तरच) लिहिलेलं होतं, आधीच्या ड्युटीवाल्यांनी ते तीन वेळचं धरून चालवलं आणि मी पण ओव्हर (आधीच्या ड्युटीकडून चार्ज) घेताना शीट न बघता तसंच पुढे चालवलं. पेशंटला काही झालं नाही, पण तेव्हापासून हात थरथरतो. तुम्ही लोक कसं लक्षात ठेवता हे?

बिनकामाचा

एवढं येत नसन तर नोकरी काहून धरली बे. गुगल कर, दोन मिनिटांचं काम आहे.

जुनी_सिस्टर

@बिनकामाचा भाऊ, रात्री दोन वाजता तीस पेशंट आणि एक सिस्टर, तेव्हा येऊन दाखव गुगल करून. आमच्या तिकडे तर टॉवरच पकडत नाही.

@रातपाळी पोरी, तू थेंब टाकले नाही न् विचारायचं ठरवलं, ते बरोबरच केलं. फक्त सकाळपर्यंत थांबायचं नव्हतं, त्याच वेळी एमओला (मेडिकल ऑफिसरला) फोन लावायचा. ऑपरेशन झालेल्या डोळ्याचं अँटिबायोटिक आहे ते, रात्रीचा डोस गेला ना. झोपमोड झाली म्हणून साहेब ओरडतात, ओरडू दे. माझी २८ वर्षं झाली नोकरीला, चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्हीकडे, ओरडून कोणी मेलेलं पाहिलं नाही.

आता तुझं कार्ड. डोळ्यावाल्यांची भाषा वेगळी असते. त्यांचा ओडी म्हणजे ऑक्युलस डेक्स्टर, उजवा डोळा. ओएस म्हणजे डावा, ओयू म्हणजे दोन्ही. आपला ओडी म्हणजे ओम्नी डाय, रोज एकदा. दोन्ही लॅटिन, अक्षरं तीच, अर्थाचा काही संबंध नाही. म्हणून पहिली ओळ अशी वाचायची की उजव्या डोळ्यात दिवसातून चार वेळा, आणि खालची पँटोप्राझोल दिवसातून एक. एकाच कागदावर दोन्ही ओडी आले की असंच होते. आपल्याकडचे बरेच डॉक्टर आरई एलई (राइट आय, लेफ्ट आय) लिहितात, ते बरं. पण कार्डावर विश्वास ठेवून बसू नको, कोणता डोळा ऑपरेट झाला ते पट्टी पाहून आणि माणसाला विचारून पक्कं कर. आणि दोन प्रकारचे थेंब असतील तर मधात पाच मिनिटं जाऊ दे, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो.

बाकीचं: बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी किंवा क्यूडीएस चारदा. टीआयडी आणि टीडीएस एकच, बीआयडी आणि बीडी एकच, इंग्लंडवाले आणि अमेरिकावाले शेपूट वेगळं लावतात एवढंच. स्टॅट म्हणजे आत्ताच्या आत्ता आणि एकदाच, स्टॅट लिहिलेलं औषध दुसऱ्या ड्युटीत पुन्हा दिलं असं मी स्वतः पाहिलं आहे, म्हणून दिलं की लगेच टाइम टाकून सही करायची. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर.

टीडीएस आणि क्यू८एच मात्र एक नाही. टीडीएस म्हणजे जागेपणी तीनदा, आमच्या वॉर्डात ८-२-८ चालते, म्हणजे रात्री आठ ते सकाळी आठ बारा तास खाली जातात. क्यू८एच म्हणजे घड्याळाचे आठ तास, मग पेशंटला झोपेतून उठवावं लागलं तरी उठवायचं, ६-२-१०. साध्या गोळीत फार बिघडत नाही, पण मॅगसल्फ घे, गरोदर किंवा बाळंत बाईला झटके आले की देतो ते इंजेक्शन. झटक्याची बाई आली, लोडिंग म्हणजे पहिला मोठा डोस झाला, मग मेन्टेनन्स ५ ग्रॅम कुल्ल्यात दर चार तासांनी, एकदा उजवीकडे एकदा डावीकडे, बाळंतपण किंवा शेवटचा झटका, जे उशिरा झालं त्यानंतर २४ तास. ते क्यू४एच आहे. "दिवसातून सहादा" असं डोक्यात ठेवलं न् दोन डोस जवळजवळ आले तर श्वास थांबू शकतो बाईचा. आणि प्रत्येक डोसच्या आधी गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ च्या खाली तर नाही ना, लघवी तासाला ३० मिलीच्या वर आहे का, हे पाहायचं. कॅल्शियम ग्लुकोनेट (मॅगसल्फवरचा उतारा) उशाशी काढून ठेवायचं, कपाटाची चाबी शोधत बसायचं नाही.

इंटर्न_बाबू

जुनी_सिस्टर यांना दंडवत 🙏 मी वर्ध्याकडे इंटर्नशिप करतोय, आमच्या वॉर्डात तुमच्यासारख्या सिस्टर नसत्या तर आम्ही कामातून गेलो असतो.

क्यूडीचं मी सांगतो. क्यूडी म्हणजे क्वाके डाय, रोज एकदा, म्हणजे आपला ओडीच. पण हातानं लिहिताना क्यू आणि डीच्या मधातला ठिपका जरा लांबला की तो आय दिसतो आणि क्यूडीचं क्यूआयडी होते, रोज एक गोळीच्या जागी चार. क्यूओडी म्हणजे एक दिवसाआड, त्यातला ओ बारीक पडला की पुन्हा तेच. अमेरिकेत जॉइंट कमिशन नावाची दवाखान्यांना मान्यता देणारी संस्था आहे, तिनं २००४ मध्ये "हे लिहूच नका" अशी यादी काढली, त्यात क्यूडी आणि क्यूओडी दोन्ही आहेत, त्याऐवजी पूर्ण शब्द लिहा म्हणतात. त्यामुळं गंमत अशी की तुम्ही नॉरसेटसाठी जे पाठ करताय ते तिकडं लिहायलाच मनाई आहे. तरी परीक्षेपुरतं पाठ करा.

त्याच यादीत इन्सुलिनचा यू (युनिट) पण आहे. १० च्या पुढे यू चिकटून लिहिला की शून्य दिसतो, १० युनिटचे १०० होतात. आपल्याकडं त्यात आणखी एक भानगड, व्हायल ४०ची का १००ची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट का १००. लाल टोपणाची सिरिंज ४०ला, केशरी टोपणाची १००ला, आणि स्टॉकमध्ये जी सिरिंज असेल ती उचलायची सवय. ४०च्या व्हायलमधून केशरी सिरिंजनं १० चा आकडा भरला तर खरं औषध फक्त ४ युनिट जाते. उलटं झालं तर अडीच पट. शून्याचं पण तसंच, १ मिग्रॅला १.० लिहू नका, टिंब पुसलं की १० होते, आणि अर्ध्याला नुसतं .५ लिहू नका, पुढे शून्य द्या.

एचएस म्हणजे होरा सोम्नी, झोपायच्या वेळी. काही पुस्तकांत हाफ स्ट्रेंग्थ पण लिहिलेलं असते, म्हणून दोन अर्थ सापडले असतील. आपल्या वॉर्डात मी तरी झोपायच्या वेळी हाच पाहिला.

आणि डॉक्टरच्या अक्षराचं म्हणाल तर मेडिकल कौन्सिलनं २०१६ मध्ये नियमात बदल करून लिहिलं होतं की औषधाचं जेनेरिक नाव, वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा. आमचे सर स्वतःचं अक्षर स्वतःच वाचू शकत नाहीत ते सोडा.

जुनी_सिस्टर

बाबू, एक राहिलं तुझं. ५/७ असं लिहिलेलं पाहिलं का कधी? जुने डॉक्टर ३/७ म्हणजे तीन दिवस, २/५२ म्हणजे दोन आठवडे असं लिहीत. पण हृदयाच्या पेशंटला डायगॉक्सिन ओडी ५/७ लिहिलं की त्याचा अर्थ आठवड्यातले पाच दिवस, दोन दिवस सुट्टी, आणि हे वर्षानुवर्षं चालू ठेवायचं. नव्या पोरीनं ते "पाच दिवसांचा कोर्स" समजून बंद केलं होतं, पेशंट महिनाभरानं धापा टाकत परत. दुसरीनं सातही दिवस दिलं, त्या बाबाला मळमळ आणि नाडी पन्नासच्या खाली. मी तेव्हापासून शीटवर सरळ मराठीत लिहिते, "शनिवार रविवार नाही".

औषधवाला_वाशीम

तुम्ही सगळे वॉर्डातलं बोलून राहिले, मी काउंटरच्या या बाजूचं सांगतो. १४ वर्षांपासून मेडिकल आहे माझं, तालुक्याच्या गावी. वॉर्डात निदान सिस्टर देते, घरी गेल्यावर ती गोळी कोण देते? नातू देते, नाहीतर सून, नाहीतर कोणीच नाही.

आधी हसायची गोष्ट. गोंदियाचे आमचे पाहुणे, म्हातारे, दवाखान्यातून आले न् रागावले. म्हणे डॉक्टर म्हणते रोज बीडी घ्या, मी त बिडी सोडून दोन वर्षं झाली जी, त्याच्याच पायी छाती खराब झाली आणि हा परत सुरू करा म्हणते. त्यांच्या गावात घरोघरी तेंदूपत्त्याच्या बिड्या वळत होते पूर्वी, त्यांना दुसरं काय ऐकू येणार!

आता मुद्द्याचं. आमच्याकडं १-०-१ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) चालते आणि लोकांना वाटते हे सगळ्यांना समजते. नाही समजत. वावरात जाणारी बाई सकाळी सहाला चहा पिऊन निघते, शिदोरीची भाकर अकरा-बाराला खाते, सांजच्याला आठला जेवते. तिची "सकाळ" कोणती? बीडी म्हणजे बारा तासांचं अंतर पाहिजे, ती घेते बारा वाजता न् आठ वाजता, मग सोळा तास काहीच नाही. मी आता १-०-१ सांगतच नाही, विचारतो की काकू तुम्ही पहिलं अन्न किती वाजता खाता, मग पाकिटावर तसं लिहितो.

साखरेची गोळी तर लय बेकार. ग्लिमेपिराइड नाश्त्याआधी लिहिलेली असते. शहरात नाश्ता म्हणजे अर्ध्या तासात पोहे. इथं गोळी घेतली सहाला न् खाल्लं बाराला, मधात कापसाच्या ओळीत चक्कर येऊन पडली. दोनदा झालं माझ्या ओळखीत. अन्न समोर असन तेव्हाच गोळी, असं मी सांगतो, आणि त्या डॉक्टरलाही फोन करून सांगतो की तुमचा पेशंट उशिरा जेवते.

उपाशीपोटी हा शब्द पण सांभाळून वापरा. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी सांगितली, बाई महिन्यात फक्त चार-पाच गोळ्या संपवून आली. म्हणे सोमवारी न् चतुर्थीला उपास असते तेव्हा घेते! तिचं काय चुकलं सांगा. आता मी म्हणतो, झोपेतून उठल्यावर चूळ भरली की पाण्यासोबत, आणि चहा अर्ध्या-एक तासानं.

आणि सगळ्यात भीती वाटते ती मेथोट्रेक्सेटची. संधिवाताला आठवड्यातून एकदाच द्यायची गोळी. कोणी सवयीनं ओडी लिहिलं किंवा कोणी ओडब्ल्यूचं (आठवड्यातून एकदा) ओडी वाचलं तर रोज जाते, तोंडभर फोड येतात, रक्तातल्या पेशी खाली येतात, माणूस जाऊ शकतो. माझ्याकडं एका मावशीच्या चिठ्ठीवर दिवस लिहिलेलाच नव्हता, मी गोळ्या दिल्याच नाही, डॉक्टरला फोन केला, ते म्हणाले बरं झालं. आता तिच्या पाकिटावर "फक्त रविवार" लिहिलं, लाल पेनानं. फॉलिक अॅसिड दुसऱ्या दिवशी, त्याचं पाकीट वेगळं. सिस्टर लोकांनी डिस्चार्ज देताना हे एक औषध तरी दिवसाचं नाव घेऊन सांगावं.

धारणीची_सीएचओ

औषधवाले दादा, तुमचं पटलं. माझं उपकेंद्र मेळघाटात, अर्धेअधिक पेशंट कोरकू बोलणारे, मराठीत "दिवसातून तीन वेळा" म्हटलं तरी मान हलवतात आणि घरी जाऊन तिन्ही गोळ्या एकदाच खातात, कारण तीन म्हटलं ना. मी पाकिटावर चित्र काढते, अर्धा सूर्य डोंगरामागून निघताना, पूर्ण सूर्य डोक्यावर, आणि चंद्र. आशाताईकडून कोरकूत परत म्हणवून घेते. नुसतं "समजलं का" विचारलं तर सगळे हो म्हणतात, "मला सांगा बरं कशी घेणार" असं विचारलं की खरं कळते.

टीबीचं एक सांगायचं होतं. आमच्याकडं एका घरात आजोबांनी पूर्वी एक दिवसाआडवाले उपचार घेतले होते, आठवड्यातून तीनदा. २०१७ पासून सरकारनं रोजची गोळी केली. नातवाला सुरू झाली तर आजोबा म्हणे एक दिवसाआडच घ्यायची असते, मी स्वतः घेतलेली आहे, आणि पोट्टं आजोबाचं ऐके. दोन आठवडे गेले तेव्हा कुठं स्ट्रिपमधल्या शिल्लक गोळ्या मोजून लक्षात आलं. म्हणजे फ्रिक्वेन्सी (किती वेळा घ्यायचं ते) कागदावर बरोबर, तोंडानं बरोबर, आणि घरात कोणाची तरी जुनी फ्रिक्वेन्सी चालू.

@रातपाळी ताई, एसओएसबद्दल. सी ओपस सिट, गरज पडली तर. पीआरएन पण तेच. पण नुसतं एसओएस लिहिलेलं अपुरंच असते. कशासाठी, किती तापावर, दोन डोसमध्ये किती तास, आणि २४ तासांत जास्तीत जास्त किती, हे एमओकडून लिहून घ्या. पॅरासिटामॉल ६५० असेल तर सहा तासांचं अंतर आणि दिवसात चारच्या वर नाही, एवढं धरून चाललं तर मोठ्या माणसाला धोका नाही. तुमच्या पेशंटला तीनच गेल्या म्हणजे हद्दीतच होतं, झोप घ्या आता.

बिनकामाचा

ठीक आहे बाप्पा, शब्द मागे घेतो. माझ्या बापाला पण शुगरची तीच गोळी आहे, तो पण अकराला जेवते. आज पाकीट पाहतो.

रातपाळी_यवतमाळ

सगळ्यांचे खूप आभार, मी स्क्रीनशॉट काढून ठेवले. उत्तर द्यायला उशीर झाला कारण सलग तीन रात्री ड्युटी होती.

कार्डाचं सांगते. जुनी_सिस्टर यांचं वाचून त्याच रात्री ड्युटीवर गेल्या गेल्या एमओंना फोन केला, ते म्हणाले हो उजवा डोळा, चारदा, आणि रागावले पण नाही. मग फोनवरची ऑर्डर त्यांना परत वाचून दाखवली न् लिहून ठेवली, सकाळी त्यांनी सही केली. शीटवर मी "उजवा डोळा ६-१२-६-१२" असं लिहिलं. मग थेंब टाकायला गेली तर आजी जागीच होती. म्हटलं आजी कोणता डोळा, खात्री करायची होती. आजी म्हणे, "उजवाच हाय माय. परवा तू कागद घेऊन बसली होती तवा मी चष्म्यातून पाहून रायली होती. मले इचारलं असतं त तवाच सांगतलं असतं."

म्हणजे आजी झोपलेली नव्हतीच!

आणि एसओएसवाल्या पेशंटचं मी इनचार्ज सिस्टरला स्वतःहून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आता ओव्हर घेताना दोघींनी शीट हातात धरून बेडपाशी जायचं ठरलं. एक विचारायचं राहिलं, ती पँटोप्राझोल ओडी आजीला सकाळी चहाच्या आधी द्यायची का जेवणाच्या आधी? कारण आजी चहा पाचला पिते आणि जेवते अकराला.

औषधवाला_वाशीम

पाहा, आला का तोच प्रश्न! पहिल्या खाण्याच्या अर्धा तास आधी. म्हणजे साडेदहाला. पाचच्या चहासोबत काही खाते का ते आधी विचार, टोस्ट बुडवून खात असन तर मग साडेचार.